तेल्हाऱ्याले लाइन क्लिअर नाही

वऱ्हाडात वय वर्षांनी मोजू नये, उन्हाळ्यांनी मोजावं, आणि एक उन्हाळा दोन वर्षांच्या भावानं धरावा. त्या हिशेबानं मी आज नव्वदीच्या पुढे आहे आणि आत्मचरित्र लिहायचा मला पुरता हक्क आहे. ज्याला हा हिशेब पटत नसेल त्यानं मे महिन्यात भरदुपारी अकोला स्टेशनाबाहेर चप्पल काढून उभं राहावं आणि मग माझ्याशी वाद घालावा.

आमचं घर बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत, रुळांच्या इतकं कुशीत, की मेलगाडी गेली की कढीतले गोळे आपोआप कूस बदलायचे. आईनं ताकाला रवी कधी लावलीच नाही. दह्याचं गाडगं भिंतीला टेकवून ठेवायचं, कोळशाची मालगाडी जाऊ द्यायची, की लोणी वर. पाहुणा मुक्कामाला राहिला तर सकाळी खाटेसकट अंगणात सापडायचा आणि आपण रात्री कुठं झोपलो होतो ते आईला विचारायचा. या आवाजाची आम्हाला एवढी सवय, की एखादी गाडी उशिरा धावली तर गल्लीतली तान्ही पोरं रडायला लागायची.

बाबा रेल्वेत केबिनमन होते. वर काचेच्या खोलीत उभं राहून लोखंडी लिव्हर ओढायचे. त्यानं खाली रूळ बदलायचा, सिग्नल पडायचा. त्यांच्या उजव्या हातात असा जोर, की त्यांनी बडनेऱ्यात लिव्हर ओढला तर मूर्तिजापूरचा सिग्नलही भीतीनं मान खाली घालायचा. पुढे लिव्हर गेले, बटणं आली, केबिनला कुलूप लागलं आणि बाबा घरी बसले. हात मात्र घरी बसायला तयार नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी अंगणातला हापसा मुळासकट उपटला. आई उकळत्या कढीचं पातेलं घेऊन चुलीकडून निघाली की बाबा दारात टॉवेल आडवा धरून आम्हाला थांबवायचे, "थांब बे, माय पास होऊन राहिली." आणि ती पलीकडे पोचली की टॉवेल खाली. आई म्हणायची, "या माणसाले काही काम लावून द्या, नाहीतर मी गाडीखाली जातो, आन् तेही यायलेच विचारून जा लागन."

काम मी लावून दिलं. मी तेव्हा अमरावतीला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होतो. एक जुना कॉम्प्युटर घरी आणला होता आणि त्यावर खेळायला रेल्वेचा गेम आणला. त्यात जमीन काढायची, रूळ टाकायचे, पूल बांधायचे, स्टेशनं बसवायची आणि आपली गाडी आपण चालवायची. खेळणारा एकटाच. समोर दुसरा कोणी नाही, स्पर्धा नाही. गेम मी दुकानातून डबाबंद, अस्सल आणला, कारण कॉपी मारलेली सीडी म्हणजे बाबांच्या लेखी बिनातिकीट प्रवास. तशी सीडी घरात सापडली तर ते पोराला पुढच्या स्टेशनावर उतरवून देतील याबद्दल मला शंका नव्हती.

डबा फोडला, सीडी घातली, तर पडद्यावर फर्मान आलं: आधी इंटरनेट जोडा, कंपनीच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर खातं उघडा, तिथून परवानगी आली की मग खेळा. शिवाय ही परवानगी महिन्या-महिन्यानं नवी करावी लागेल. तुम्ही जे बांधाल ते तुमच्याच कॉम्प्युटरात राहील, पण त्याला कुलूप आमचं राहील. खाली एकच बटण, 'मान्य आहे'. मी शिव्यांचा पट्टा सोडला. पैसे आमचे, कॉम्प्युटर आमचा, खेळणारा एकटा बाप, आणि परवानगी सातासमुद्रापलीकडच्या माणसाची!

बाबा मात्र खुर्ची पुढे ओढून निवांत बसले. "चिडून काहून राहिला बे? लाइन क्लिअर मागून राहिला तो."

मग त्यांनी समजावलं. नोकरीच्या सुरुवातीला ते अकोल्याहून निघणाऱ्या छोट्या गेजच्या एकेरी लाइनवर होते. तिथं पुढच्या स्टेशनानं तारेवरून हो म्हणायचं, मग यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडायचा, तो गोळा ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, आणि मगच गाडी हलायची. गोळा नाही तर गाडी नाही, मग आत मंत्री बसलेला असो. "तिकडच्यानं हो म्हटल्याबिगर इकडच्यानं सोडू नये. यात शायनेपणा नाही, जीव वाचते." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या बोटानं 'मान्य आहे' दाबलं, आणि ते इतक्या जोरात, की माउस तेव्हापासून एका बाजूला कललेला राहिला.

पण मान्य केल्यानं तार येत नाही. आमच्याकडे टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट होतं. त्यावर एखाद्याचा फोटो उघडायला घेतला तर उघडेस्तोवर फोटोतला माणूस म्हातारा व्हायचा. गेमची परवानगी त्यात मावेना. अमरावतीचे नेटकॅफेवाले घरचा कॉम्प्युटर आपल्या तारेला जोडू देईनात. मग उरला राजूभाऊ, माझ्या आत्याचा मुलगा, त्याचा अकोल्याला स्टेशनाजवळ नेटकॅफे होता. तेव्हापासून महिन्यातून एकदा आमची वारी निघायची: सीपीयूचा डबा गोधडीत गुंडाळायचा, पॅसेंजर धरायची, अकोल्याला न्यायचा. बाबा खिडकीशी बसून तो मांडीवर घ्यायचे. डब्यातल्या बाया विचारायच्या, "किती मयन्याचं हाय?" एकीनं तर म्हटलं, "तोंड झाकू नोका, गुदमरन," आणि बोरगावच्या एका म्हातारीनं दृष्ट लागू नये म्हणून गोधडीच्या कोपऱ्याला काजळाची तीट लावली. ती तीट गेम मरेपर्यंत गेली नाही.

राजूभाऊ जाड, हसरा, आणि तोंडाचा असा फाटका, की त्याच्या कॅफेत बसून शाळेतली पोरं इंटरनेटपेक्षा जास्त शिकून जायची. तो तार जोडता जोडता म्हणायचा, "मामा, पेन्शनीसाठी तुमी वर्षातून एकदा जिवंत असल्याचं दाखवून येता. याले दर मयन्याले दाखवा लागते. तुमच्यापेक्षा याच्याच मराची धास्ती जास्त दिसते कंपनीले."

"नियम असते, राजू."

"कायचा नियम? एकटा माणूस, एकट्याचा गेम, सोताच्या घरात. घरी भाकर खातांनी तुमी चक्कीवाल्याले फोन लावता का, 'खाऊ का भाऊ?' म्हणून?"

"चक्कीवाला गाडी नाही चालवत," बाबा म्हणायचे, आणि पडद्यावर परवानगीची हिरवी खूण उमटली की खिशातून रुमाल काढून डबा पुसायचे. मग स्टेशनाबाहेर आलूपोंगे खायचे आणि परतीची गाडी. मी या वादात बाबांच्या बाजूनं होतो. एवढं तेवढं चालायचंच, असं मला तेव्हा वाटायचं. आज माझ्या हातातल्या फोनवर असलं एवढं तेवढं इतकं साचलं आहे, की त्याच्या खाली फोन शोधावा लागतो.

बाबा त्या गेममध्ये काय बांधत होते ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते तेल्हाऱ्याचे. कपाशीचं गाव, आणि त्या गावात रेल्वे कधी आलीच नाही. जवळून गेली, बाजूनं गेली, शिट्टी ऐकू येईल इतक्या अंतरावरून गेली, पण गावात आली नाही. बाबा लहान असताना झेंड्या-साखळ्या घेऊन मोजणीवाले आले होते. गावानं त्यांना रोडगे खाऊ घातले, त्यांनी ढेकर दिला, आणि मोजणी त्या ढेकरातच संपली. पुढे दर काही वर्षांनी नवे मोजणीवाले आले, नवे रोडगे झाले. तेल्हाऱ्यानं रेल्वेच्या मोजणीवर जेवढे रोडगे खर्चले तेवढ्या रोडग्यांचा नुसता भराव टाकला असता तर लाइन मुंबईपर्यंत गेली असती. ज्या गावात गाडी येत नाही तिथला मुलगा चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट देत राहिला. आता तो स्वतः लाइन टाकत होता.

आणि कशी! गेमला माती ठाऊक नव्हती, पण बाबांना होती. "काळी जमीन हे, पावसात फुगते, उन्हात फाटते. असा रूळ टाकला तर सापावानी वाकडा होईन." म्हणून भराव. पूर्णेवरचा पूल त्यांनी बांधला, पाडला, पुन्हा बांधला. त्या काळात त्यांच्या साखरेनं डोळ्यांवर हात टाकला होता. अमरावतीच्या डॉक्टरनं डोळ्यात टॉर्च मारून सांगितलं होतं की आहे ते जपा, गेलेलं परत येणार नाही. बाबा पडद्याला नाक लावून रुळांच्या सांध्यांवर एकेक फिशप्लेट बसवायचे. आई ओरडायची, तर म्हणायचे, "डोये आहेत तोवर गाडी तेल्हाऱ्याले लावतो. मंग गेले तरी चालते. मंग मले काय पाहाचं हे?"

लाइन भादव्यात पूर्ण झाली. त्याच दिवशी गाडी सोडता आली असती. बटण दाबायचं, इंजिन हलायचं, बास. पण नवी लाइन लगेच उघडत नाहीत. आधी तिची तपासणी होते, मग मुहूर्त. पडद्यावरच्या लाइनला हा नियम लावायची चूक जगात फक्त एक बडनेऱ्याचा केबिनमनच करू शकत होता. बाबांनी दोन-अडीच आठवडे रोज थोडी थोडी लाइन डोळ्यांनी तपासली आणि उद्घाटन दसऱ्याला ठेवलं. तेल्हाऱ्याला निरोप गेले. तोवर आमच्या गल्लीत चांगलं इंटरनेट आलं होतं, अकोल्याच्या फेऱ्या थांबल्या होत्या, परवानगी घरबसल्या यायची. काळजीचं कारणच नव्हतं.

दसऱ्याला सकाळी एका काळ्या-पिवळ्या जीपमधून तेल्हारा उतरलं. चालक सोडून त्यात किती माणसं होती ते मी सांगत नाही, कारण मी म्हणेन तो आकडा तुम्ही अर्धा कराल आणि तरीही तो जीपमध्ये मावणार नाही. सगळ्यांत पुढे बाबांचे चुलतभाऊ किसनकाका, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, जणू खरंच स्टेशनावर आले होते. आईनं कढी-गोळे आणि सांबारवडीचा घाट घातला होता. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर आपट्याचं पान. बाबा धुतलेला सदरा घालून बसले आणि त्यांनी गेम उघडला.

महिना भरला होता, म्हणून पडद्यावर नव्या परवानगीचा गोल फिरायला लागला. कंपनीशी संपर्क करत आहे.

फिरत राहिला. किसनकाका म्हणाले, "फिरू द्या. आमी एवढे वर्षं थांबलो, अजून धा मिनटं थांबू." सगळे हसले. मग गोल थांबला आणि ओळ आली: संपर्क होऊ शकत नाही. पुन्हा प्रयत्न करा. बाबांनी पुन्हा केला. कढी निवली, पुन्हा उकळली, पुन्हा निवली. इंटरनेटचंच काही असेल म्हणून आम्ही माळेसकट सीपीयू उचलला, गोधडीत घातला आणि अकोल्याची गाडी धरली. सोबत निम्मं तेल्हारा, कारण त्यांना तसंही अकोल्यावरूनच परतायचं होतं. डब्यातल्या लोकांना वाटलं आम्ही कुलदैवत घेऊन चाललो आहोत. दोघा-तिघांनी हात जोडले.

राजूभाऊनं सणाचा कॅफे उघडला, तार जोडली, तोच गोल, तीच ओळ. मग तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसला, बराच वेळ इंग्रजी वाचत राहिला, आणि मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा शिवी न देता बोलताना ऐकलं. "मामा, ते कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली. दुसरीनं जुन्या गेमचे खाते बंद करून टाकले. आता तिकडं कोणी नाही."

"कोणी नाही म्हंजे? सुट्टी आहे?"

"नाही मामा. टेसनच उठवलं."

बाबांनी हे नीट ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "आमच्या टायमाले तार तुटे, फोन मरे, तिकडून कोणी बोलेना. तरी गाडी जागच्या जागी नव्हती मरत. त्याचाही नियम होता पुस्तकात. कागद देऊन, माणूस धाडून, शिट्ट्या मारत, बैलगाडीवानी हळूहळू, पण जात होती. हे होईन म्हणून आधीच लिवून ठेवलं होतं कोणीतरी. यायनं नाही लिवलं?"

"यायनं निस्ता थांबवाचा नियम लिवला, मामा." आणि मग राजूभाऊ पुन्हा राजूभाऊ झाला. "ऐका, मी तुमाले याचा कुलूप तोडलेला माल आणून देतो. पोरायजवळ असते. कोणाले विचारा नाही लागत. लाल सिग्नल गेला खड्ड्यात."

खुर्चीचा पाय मोडावा तसा आवाज बाबांच्या तोंडून आला. "चाळीस वर्षात एक गाडी मी लालमधून काढली नाही. आता म्हातारपनी काढू? तेल्हाऱ्याची पहिली गाडी, आन् ते चोरून नेऊ?"

"मंग काय करता?"

"थांबतो."

किसनकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "जाऊ द्या दादा," ते म्हणाले. "तेल्हाऱ्याचीच लाइन हे. अशीच असते."

बाबा खरोखर थांबले. सिग्नलपाशी उभ्या गाडीचं इंजिन ड्रायव्हर बंद करत नाही, म्हणून कॉम्प्युटरही त्यांनी बंद करू दिला नाही. हिवाळाभर तो पंखा घरघरत राहिला. गल्लीतली मांजर उबेला डब्यावर येऊन व्यायली, आणि तिची पिल्लं मोठी होऊन संसाराला लागली तरी गोल फिरतच होता. बाबा चहा घेऊन समोर बसायचे, पुन्हा प्रयत्न करा दाबायचे, वाट पाहायचे. मी कंपनीला इंग्रजीत लिहिलं. उत्तर आलं की तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दुसऱ्यांदा लिहिलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा उत्तरही आलं नाही. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तिकडं कोणी असतं तं एखाद्या दिवशी खाकरलं तरी असतं." बाबांनी पुन्हा बटण दाबलं. संक्रांतीनंतर ते पडद्यावरची ओळ मला वाचून दाखवायला सांगू लागले, आणि होळीनंतर, बटण कुठं आहे ते मला विचारू लागले.

आज माझ्याकडे विकत घेतलेल्या गेमांची लांबलचक रांग आहे. त्यातला एकही माझा नाही. सगळे एकट्यानं खेळायचे, आणि सगळे कोणाला तरी विचारून. माझा पोरगा विचारतो, "पप्पा, मान्य करायचं का?" मी त्याला सांगतो, विचारणाऱ्यानं उत्तराचं एकच बटण दिलं असेल तर ते विचारणं नसतं, कळवणं असतं. तो ऐकतो आणि बटण दाबतो. मीही दाबतो. न दाबण्याची हिंमत एका राजूभाऊत होती, आणि त्याचा कॅफे बंद पडून तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

त्याच होळीनंतरचा मे महिना होता. बाहेर डांबर वितळून रस्ता बडनेऱ्याकडून अमरावतीकडे वाहत होता. बाबा सकाळी उठले, तोंड धुतलं, आणि मला म्हणाले, "राजूले बलाव. ते चोरीचं घेऊन ये म्हना."

आई चुलीवरून वळली. राजूभाऊ दुपारच्या गाडीनं आला, घामानं निथळत, एक साधी सीडी खिशात घालून. येताना त्यानं विनोद केले नाहीत हे मला आवडलं नाही. त्यानं सीडी घातली, इकडची फाइल तिकडे केली. बाबा कूलरसमोर खुर्चीवर ताठ बसले होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर असा वळलेला होता, जसा लिव्हरवर वळायचा. गेम उघडला. गोल नाही, ओळ नाही, परवानगी नाही. पटकन उघडला, जसा पहिल्या दिवशीच उघडायला हवा होता. राजूभाऊनं बाबांचा जुना नकाशा मागितला. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग सगळीकडे हिरवी, सपाट, कोरी जमीन पसरली. त्यानं पुन्हा मागितला. पुन्हा हिरवं. कुलूप तोडलेल्या गेमला जुन्या कुलपातलं काही उघडता येत नव्हतं. पूर्णेचा पूल नव्हता, भराव नव्हता, अकोला नव्हतं.

बाबा पुढे वाकले. नाक पडद्याला टेकलं. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, त्यांनी सावकाश पाहिलं. मग डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं.

"मले दिसून नाही राहिलं," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "बाबू, गेले वाटते रे डोये. तेल्हारा कुठं आहे, बोट ठेव."

मी बोट उचललं. ठेवायला जागा नव्हती. आयुष्यभर मी नसलेल्या गोष्टी लोकांना हातवारे करून दाखवल्या, पण त्या हिरव्यावर माझं बोट टेकेना.

राजूभाऊ म्हणाला, "मामा, डोये ठीक आहेत तुमचे. तिथं कायीच नाही."

"कायीच नाही?"

"निस्ती जमीन हे."

"हिरवी?"

"हाओ, हिरवी."

"मंग बरोबर दिसून राहिलं मले," बाबा म्हणाले. ते मागे टेकले. मग त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलून डाव्या काखेत घातला आणि आईकडे तोंड करून म्हणाले, "कूलर बंद कर वो. थंडी वाजून राहिली."